फोनच्या रंगीत फोटोतून हलकं, स्वच्छ काळं-पांढरं कागदपत्र: पायऱ्या, क्रम आणि नेहमीच्या चुका

कागदाचा फोनवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि अपलोडच्या चौकटीत २०० केबीच्या वर काही चालत नाही. मग फोटो दाबून लहान केला जातो. अक्षरं धूसर होतात, फाइल तरीही बसत नाही. शेवटी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर लावला जातो आणि पानाचा एक कोपरा डांबर ओतल्यासारखा काळा होतो. हे सगळं होतं ते क्रम चुकल्यामुळे.

आधी शब्दाचा अर्थ नक्की करू. या लेखात ‘काळं-पांढरं’ म्हणजे खरोखर दोनच रंग. प्रत्येक पिक्सेल एक तर काळा, नाही तर पांढरा. मधलं करडं काही नाही. फोनचा फिल्टर बहुधा फक्त रंग काढून टाकतो, करड्या २५६ छटा तशाच ठेवतो, म्हणून फाइल फारशी उतरत नाही. ए४ पान ३०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे दर इंचात किती पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. रंगीत असताना दर पिक्सेलला २४ बिट, म्हणजे न दाबता सुमारे २६ एमबी. दोन रंगांत दर पिक्सेलला १ बिट, म्हणजे सुमारे १.०९ एमबी. त्यावर ‘ग्रुप ४’ नावाचं फॅक्सचं कॉम्प्रेशन लावलं की साधं टाइप केलेलं पान ३० ते ६० केबीत बसतं, आणि त्यात एकही पिक्सेल बदलत नाही.

ग्रुप ४ कसं चालतं हे दोन वाक्यांत कळलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. ते पिक्सेलची प्रत्येक आडवी ओळ वरच्या ओळीशी ताडून बघतं. काळ्याची कड वरच्या कडेच्या बरोबर खाली आली तर ती नोंदवायला एकच बिट पुरतो. पण पांढऱ्यावर मध्येच एखादा सुटा ठिपका आला की त्याच्या एकट्याच्या नोंदीला दोन-तीन बाइट जातात. सावलीमुळे किंवा कागदाच्या पोतामुळे पानावर असे २०,००० ठिपके उठले तर ४० ते ६० केबी नुसत्या कचऱ्यालाच गेले. म्हणजे फाइल हलकी होते ती पान स्वच्छ असल्यामुळे. कॉम्प्रेशनचं बटण शेवटी येतं.

दुसरी गोष्ट: दोन रंगांत नेणं म्हणजे परतीची वाट बंद. करडी छटा एकदा गेली की परत मिळत नाही. त्यामुळे सरळ करणं, कापणं, उजळणं, आकार बदलणं ही सगळी कामं त्याच्या आधी.

काय जवळ हवं

एक-दोन पानांसाठी गिम्प हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फुकट आहे आणि खालच्या पायऱ्या त्याच्याच मेनूंप्रमाणे (२.१० आवृत्ती) लिहिल्या आहेत. दहा-वीस पानांच्या वर गेलात तर स्कॅन टेलर अ‍ॅडव्हान्स्ड वापरा, त्याबद्दल शेवटी. पीडीएफ बांधायला आयएमजीटूपीडीएफ (img2pdf) हे साधन. मूळ फोटोंची वेगळी फोल्डर करा आणि तिथे काहीही सेव्ह करू नका. काम नेहमी प्रतीवर.

१. फोटो काढणं

पान गडद, एकरंगी पृष्ठभागावर सपाट ठेवा. पान पातळ असेल आणि मागची अक्षरं दिसत असतील तर खाली काळा कागद घाला. पांढरा कागद घातला तर मागची शाई उलट जास्त उठून दिसते.

उजेड बाजूने यावा. दिवा डोक्यावर असला की फोनची आणि हाताची सावली नेमकी पानाच्या मधोमध पडते. खिडकी एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, पानाची अंधारी कड बरीच उजळते. फ्लॅश बंद. गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालची अक्षरं कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाहीत. सावलीचं तसं नाही, ती काढता येते.

फोन पानाला समांतर धरा आणि थोडा वर न्या. अगदी जवळून फोटो काढला की पानाच्या कडा बाहेर फुगतात आणि फोनची सावलीही पडते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० × ३००० पिक्सेल असतात. ए४ पान त्यात उभं पूर्ण बसवलं तर सुमारे ३४० डीपीआय मिळतात, चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा सोडली तर ३०० च्या आसपास. एवढं पुरतं. पान चौकटीच्या निम्म्यात बसवलंत तर १७० उरतात, ते पुरत नाहीत.

पानावरच्या मजकुरावर बोट टेकवून फोकस करा, मग एक्स्पोजर थोडं वर घ्या, साधारण +०.३ ते +०.७. पांढरं पान दिसलं की कॅमेरा दृश्य फार उजळ आहे असं समजून फोटो अंधारा करतो, त्यासाठी ही भरपाई. मात्र कागद पार फटफटीत होऊ देऊ नका. फिकट शाई आणि बारीक रेषा त्यातच विरघळतात.

स्कॅनिंग अ‍ॅप वापरत असाल तर त्याचं कडा ओळखण्याचं काम घ्या, पण फिल्टर ‘ओरिजिनल’ ठेवा. ‘मॅजिक’ छापाचे फिल्टर अक्षरांना धार लावतात, आणि त्या धारेबरोबर अक्षरांभोवती एक पांढरट-काळपट कडा येते. पुढे थ्रेशोल्ड (कुठल्या छटेखालचं सगळं काळं आणि वरचं सगळं पांढरं, हे ठरवणारा आकडा) लावताना तीच ठिपक्यांची माळ होते.

तपासणी: फोटो तिथेच पूर्ण झूम करून चारही कोपरे आणि मधलं एखादं बारीक अक्षर बघा. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेपासून सुटा दिसतोय ना? नसेल तर फोटो पुन्हा काढा. हलल्यामुळे आलेला धूसरपणा नंतर जात नाही.

२. फोटो संगणकावर आणणं

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण चांगला फोटो सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो लहान करून, पुन्हा दाबून पोचतो. लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली तर ए४ साठी जेमतेम १३७ डीपीआय हातात राहतात. केबलने किंवा क्लाउड ड्राइव्हने घ्या. अ‍ॅपमधूनच पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

फोन फोटो जेपेगऐवजी एचईआयसी या फाइलप्रकारात साठवत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपेग निवडा. बरीच सॉफ्टवेअर, स्कॅन टेलर धरून, एचईआयसी उघडत नाहीत.

तपासणी: फाइलच्या माहितीत पिक्सेल बघा. फोनमध्ये ४००० × ३००० आणि संगणकावर १६०० × १२०० दिसत असेल तर वाटेत कुणीतरी कात्री लावली आहे.

३. सरळ करणं आणि कापणं

गिम्पमध्ये पर्स्पेक्टिव्ह हे टूल घ्या. त्याच्या पर्यायांत दिशा ‘करेक्टिव्ह’ आणि क्लिपिंग ‘क्लिप’ ठेवा. आता जाळीचे चार कोपरे पानाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ट्रान्सफॉर्म दाबा. पान पूर्ण चौकट व्यापेल, टेबल बाहेर जाईल.

इथे हमखास घोटाळा होतो: पान आता थोडं रुंद, बसकं दिसतं. कारण ते फोटोच्या ४:३ चौकटीत ताणलं गेलं आहे आणि ए४ चं प्रमाण १:१.४१४ आहे. लगेच इमेज, स्केल इमेजमध्ये जा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा, २४८० आणि ३५०८ लिहा. त्याच चौकटीत रिझोल्यूशन ३०० करा, इंटरपोलेशन ‘क्युबिक’. पान आडवं असेल तर आकडे उलटे. ए४ सोडून दुसरा आकार असेल तर मिलिमीटरमधलं माप २५.४ ने भागून ३०० ने गुणा.

जाळीचे कोपरे कागदाच्या काठावर नेमके न ठेवता काठाच्या केसभर आत ठेवा. काठावरची टेबलाची काळी रेघ राहिली तर पुढची पायरी तिलाही कागद समजते.

सावधान: दुमडलेलं किंवा पुस्तकासारखं वाकलेलं पान चार कोपऱ्यांनी सरळ होत नाही. ओळी कमानीसारख्या वाकलेल्या दिसत असतील तर पान काचेखाली दाबून फोटो पुन्हा काढणं कमी कष्टाचं.

४. रंगातून करडं: कोणता चॅनल?

बहुतेक जण थेट ‘ग्रेस्केल’ करून पुढे जातात. छापील काळ्या मजकुराला ते चालतं. पण कागदावर निळं पेन, लाल शेरा, जांभळा शिक्का असेल तर इथे दोन मिनिटं थांबा, कारण रंग अजून हातात आहे.

फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात. निळी शाई लाल चॅनलमध्ये गडद दिसते, निळ्या चॅनलमध्ये फिकी. लाल शाई बरोबर उलट: लाल चॅनलमध्ये ती कागदात मिसळून जाते. तेव्हा नको असलेली लाल फुली घालवायची असेल तर लाल चॅनल घ्या. लाल शिक्का हवा असेल तर लाल चॅनलच्या वाटेला जाऊ नका. पिवळा पडलेला जुना कागद निळ्या चॅनलमध्ये काळवंडतो, लालमध्ये उजळ राहतो. पिवळ्या हायलायटरचंही तसंच. निळ्या चॅनलमध्ये त्याचा काळा पट्टा होतो आणि खालची ओळ गिळतो.

काय घ्यावं कळत नसेल तर हिरवा. निळी आणि लाल दोन्ही शाया त्यात बऱ्यापैकी गडद येतात. शिवाय फोनच्या सेन्सरवर हिरव्याचे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून त्यात कचरा सर्वांत कमी.

गिम्पमध्ये कलर्स, कॉम्पोनंट्स, एक्स्ट्रॅक्ट कॉम्पोनंट इथे जाऊन हवा तो चॅनल निवडा. मग इमेज, मोड, ग्रेस्केल.

तपासणी: सही, शिक्का, तारीख या तिन्ही जागा झूम करून बघा. यातलं काही फिकं पडलं असेल तर मागे जा. पुढची कुठलीही पायरी ते गडद करणार नाही.

५. कागद सगळीकडे सारखा पांढरा करणं

लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच गाळली जाते.

काय बिघडतं ते आकड्यांत बघू. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. समजा पानाच्या उजेडातल्या कोपऱ्यात कागद २१० आहे आणि शाई १२०. सावलीतल्या कोपऱ्यात कागदच ११० आहे, शाई ६३. म्हणजे सावलीतला कोरा कागद उजेडातल्या शाईपेक्षा काळा! आता थ्रेशोल्ड ११५ वर ठेवला तर सावलीचा अख्खा कोपरा काळा होतो आणि उजेडातली अक्षरं उडतात. १०० वर ठेवला तर कोपरा वाचतो, पण उजेडातलं काहीच उरत नाही. १५० वर उजेडातली अक्षरं नीट येतात आणि सावलीत सगळं काळं. दोन्हीकडे चालेल असा आकडा मुळात अस्तित्वातच नाही. स्लायडर इकडून तिकडे ओढत बसणाऱ्यांना हे कळत नाही म्हणून ते ओढत बसतात.

उपाय भागाकाराचा. प्रत्येक जागची छटा त्या जागच्या कागदाच्या छटेने भागायची. उजेडात १२० भागिले २१०, गुणिले २५५: १४६. सावलीत ६३ भागिले ११०, गुणिले २५५: तेही १४६. कागद दोन्हीकडे २५५. आता २०० च्या आसपासचा एकच आकडा पूर्ण पानाला चालतो.

कृती अशी:

लेयरची प्रत काढा. वरच्या प्रतीवर फिल्टर्स, ब्लर, मीडियन ब्लर लावा. रेडियस ४०, पर्सेंटाइल ५०. अक्षरं पूर्ण पुसली जाऊन फक्त कागद आणि त्यावरची सावली उरली पाहिजे. जुन्या संगणकावर याला वेळ लागतो, अडकलं समजून बंद करू नका. मग वरच्या लेयरचा मोड ‘डिव्हाइड’ करा. पान क्षणात पांढरं होतं. शेवटी इमेज, फ्लॅटन इमेज.

रेडियसचा अंदाज असा ठेवा: ३०० डीपीआयला १२ पॉइंटची ओळ सुमारे ५० पिक्सेल उंच असते, तिच्या रेघा चार-सहा पिक्सेल जाड. त्याला ४० भरपूर. पण पानावर बोटभर जाडीचं शीर्षक असेल तर एवढ्या रेडियसला त्या जाड रेघेचा गाभाच कागद वाटतो आणि अक्षर पोकळ होतं, नुसती बाह्यरेषा उरते. तसं झालं तर रेडियस ८० ते १०० करा. मजकूर फार दाट असेल, उदाहरणार्थ रेघांनी भरलेला तक्ता, तर पर्सेंटाइल ७० ते ८० ला न्या, म्हणजे शाईपेक्षा कागदाला जास्त मान मिळतो.

मीडियन नसेल तर गॉसियन ब्लरनेही भागतं, रेडियस ६० ते १०० ठेवून. फक्त त्यात शाई कागदात थोडी मिसळते, त्यामुळे दाट मजकूर जरा फिका पडतो.

सावधान: फोटो चिकटवलेल्या अर्जावर ही पायरी फोटोचं वाटोळं करते. चेहऱ्याचा भाग वेगळा कापून ठेवा.

तपासणी: चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी कलर पिकरने कोऱ्या कागदाचा आकडा घ्या. पाचही २४० च्या वर असावेत. एखाद्या कोपऱ्यात २०० निघालं तर तिथे सावलीची तीक्ष्ण कड आहे. रेडियस थोडा कमी करून पुन्हा करा.

६. शेवटचा आकार ठरवणं

साध्या मजकुराला ३०० डीपीआय ठीक. बारीक टाइप, तळटिपा, गुंतागुंतीची जोडाक्षरं असतील तर याच टप्प्यावर, अजून करडं असतानाच, प्रतिमा दुप्पट करा: ४९६० × ७०१६, रिझोल्यूशन ६००, क्युबिक. नसलेला तपशील यातून तयार होत नाही, हे खरं. पण अक्षराच्या कडेच्या करड्या पिक्सेलमध्ये कड नेमकी कुठून जाते याची माहिती असते. मोठ्या जाळीवर थ्रेशोल्ड लावला की ती माहिती टिकते आणि वेलांटीची वळणं पायऱ्यांसारखी न दिसता गोल येतात.

फाइल चौपट होईल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. ग्रुप ४ कडा मोजतं, क्षेत्रफळ नाही. डीपीआय दुप्पट झाल्यावर फाइल साधारण दुप्पट होते.

२०० च्या खाली मात्र देवनागरी मजकूर नेऊ नका. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार ३०० डीपीआयला सहा पिक्सेलचा असतो, १५० ला तीनच, आणि तीन पिक्सेलचा ठिपका कचऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

७. थ्रेशोल्ड

त्याआधी एक हलका गॉसियन ब्लर, ०.५ ते ०.८ चा. कागदाच्या पोताचे बारीक दाणे त्यात जिरतात. ६०० डीपीआयला १ पर्यंत चालेल.

कलर्स, थ्रेशोल्ड उघडा. खालचा आकडा १९० ला ठेवा आणि झूम १०० टक्के किंवा जास्त करा. अख्खं पान एका नजरेत बघून आकडा ठरवू नका. लहान करून दाखवलेलं पान कुठल्याही आकड्याला बरं दिसतं.

आकडा खाली नेला तर अक्षरं बारीक होतात, वर नेला तर जाड. देवनागरीत याचे ठरलेले बळी आहेत. आकडा फार खाली: ‘ष’ च्या पोटातली तिरकी रेघ तुटते आणि ‘प’ उरतो, ‘ब’ चा ‘व’ होतो, शिरोरेषेत खिंडारं पडतात. आकडा फार वर: ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक बुजतो, ‘भ’ चं तोंड मिटून ‘म’ दिसतो, ‘क्ष’ चा गोळा होतो. तेव्हा पानावर ‘ष’ किंवा ‘ब’ चा सर्वांत फिका नमुना शोधा, ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ चा सर्वांत दाट नमुना शोधा, आणि दोन्ही वाचता येतील असा आकडा पकडा. बहुधा १७० ते २१० मध्ये सापडतो.

नाहीच सापडला तर पानावर दोन प्रकारच्या शाया आहेत असं समजा, उदाहरणार्थ लेसर छपाई आणि फिकं बॉलपेन. मग आयताकृती सिलेक्शन करून सहीचा भाग वेगळ्या आकड्याने करा, उरलेलं पान वेगळ्याने. यात गैर काही नाही.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये सावोला ही जागेजागेनुसार थ्रेशोल्ड बदलणारी पद्धत आहे तिथे खिडकीचा (एका वेळी तपासल्या जाणाऱ्या चौकटीचा) आकार ३०० डीपीआयला ५० ते ७५ पिक्सेल आणि ‘के’ ०.२ ते ०.३५ ठेवून सुरुवात करा. के वाढवला की अक्षरं बारीक होतात. खिडकी लहान झाली की जाड अक्षरं पोकळ होतात, पाचव्या पायरीत सांगितलं तसंच.

८. ठिपके झाडणं

समासात मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसले की हात थेट ‘डीस्पेकल’ कडे जातो. जरा थांबा. ठिपके हजारोंनी असतील तर चूक पाचव्या किंवा सातव्या पायरीत आहे. मागे जाऊन आकडा पाच-दहाने खाली आणा.

थोडेच उरले असतील तर समास सिलेक्ट करून पांढऱ्याने भरा आणि ओळींमधले हाताने खोडा. आपोआप झाडणारं साधन अनुस्वार आणि कचरा यांत भेद करत नाही: ‘रंग’ चा ‘रग’ करून मोकळं होतं. आणि उलटंही होतं बरं का. शिरोरेषेवर चुकून राहिलेला एक ठिपका वाटणीपत्रातल्या ‘भाग’ चा ‘भांग’ करतो. म्हणून शिरोरेषेच्या वरचा पट्टा मूळ फोटो शेजारी ठेवून एकदा डोळ्यांखालून घाला. आकड्यांच्या मजकुरात दशांशचिन्हाची जागाही तशीच तपासा.

९. एक बिट करणं आणि साठवणं

थ्रेशोल्ड लावल्यावर पान दोन रंगांचं दिसतं, पण फाइल अजून ८ बिटचीच आहे. इमेज, मोड, इंडेक्स्ड. त्यात ‘१ बिट काळी-पांढरी पॅलेट’ निवडा, डिदरिंग ‘नन’.

डिदरिंग चुकून चालू राहिलं तर करड्या जागी ठिपक्यांची रांगोळी उमटते. ग्रुप ४ ला ती इतकी जड जाते की फाइल न दाबलेल्या फाइलपेक्षाही मोठी होऊ शकते.

फाइल, एक्स्पोर्ट अ‍ॅज, टिफ, कॉम्प्रेशन ‘सीसीआयटीटी ग्रुप ४ फॅक्स’. हा पर्याय फिका दिसून निवडता येत नसेल तर कारण दोनांपैकी एक: मोड इंडेक्स्ड केलेला नाही, किंवा पारदर्शकतेचा चॅनल उरला आहे. दुसऱ्याला उपाय म्हणजे पुन्हा फ्लॅटन इमेज.

टिफ चालत नसेल तर १ बिटचं पीएनजी घ्या. ग्रुप ४ पेक्षा थोडं मोठं होतं, पण तेही काही गमावत नाही.

फक्त जेपेगच मागितलं असेल तर गणित बदलतं. जेपेगला १ बिट माहीत नाही, आणि काळ्या-पांढऱ्याच्या धारदार कडा त्याला सर्वांत महाग पडतात. तिथे थ्रेशोल्ड लावूच नका. पाचव्या पायरीनंतरची उजळ करडी प्रतिमा घ्या, १५० ते २०० डीपीआयला उतरवा, क्वालिटी ४० ते ६० मध्ये ठेवून मर्यादेत बसवा. आपल्या दोनशेच्या नियमाला हा अपवाद चालतो, कारण करड्या छटा बारीक खुणा सांभाळून घेतात.

तपासणी: टाइप केलेल्या एका पानाची ३०० डीपीआयची टिफ १०० केबीच्या वर गेली असेल तर पानावर कचरा आहे किंवा डिदरिंग चालू आहे. हस्तलिखित आणि दाट तक्ते याहून थोडे वर जातात.

१०. पीडीएफ बांधणं

गिम्पमधून थेट पीडीएफ काढू नका. तो प्रतिमा स्वतःच्या पद्धतीने पुन्हा साठवतो आणि मेहनतीने मिळवलेले केबी परत चढतात. आयएमजीटूपीडीएफ ग्रुप ४ ची टिफ आहे तशी पीडीएफच्या पोटात ठेवतं. ‘इमेज टू पीडीएफ’ वाल्या अनेक संकेतस्थळांवर सगळं जेपेग होऊन येतं, आणि ओळखपत्रं, करारनामे अनोळखी सर्व्हरवर चढवू नयेत हे वेगळंच.

तपासणी दोन. पीडीएफचा आकार सगळ्या टिफच्या बेरजेपेक्षा फार तर काही केबीने जास्त असावा. आणि पानाचं माप २१० × २९७ मिलिमीटर दिसावं. ८७ × १२४ सेंटिमीटर असं काही दिसलं तर फाइलमध्ये डीपीआय ७२ नोंदवला गेला आहे. गिम्पमध्ये इमेज, प्रिंट साइज इथे ३०० करून पुन्हा एक्स्पोर्ट करा, पिक्सेल बदलायची गरज नाही.

काही साधनं जेबिग२ हे आणखी घट्ट कॉम्प्रेशन देतात. त्याचा लॉसलेस, म्हणजे काही न गमावणारा, प्रकार बिनधास्त वापरा. लॉसी प्रकार मात्र एकसारखी दिसणारी अक्षरं एकच समजून त्यांच्या जागी एकच ठसा वापरतो. २०१३ मध्ये याच तंत्रामुळे काही स्कॅनर-कॉपियरच्या प्रतींमध्ये ६ चे ८ झालेले उघडकीस आले होते. रकमा असलेल्या कागदाला लॉसी जेबिग२ नको.

शोधता येणारा मजकूर हवा असेल तर टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरला मराठीचा डेटा देऊन ओसीआर (प्रतिमेतली अक्षरं ओळखणं) करा, आणि त्याला दोन रंगांच्या प्रतिमेऐवजी पाचव्या पायरीची करडी प्रतिमाही देऊन बघा; कधीकधी ती जास्त नीट वाचली जाते.

पानं खूप असतील तर

स्कॅन टेलर अ‍ॅडव्हान्स्ड तिसऱ्या पायरीपासून नवव्यापर्यंतचं बहुतेक काम एकगठ्ठा करतं: दिशा, पानं वेगळी करणं, तिरकेपणा, मजकुराची चौकट, समास, आउटपुट. फोटोंत डीपीआय बरोबर नोंदवलेला नसतो, म्हणून ते सुरुवातीलाच विचारतं. इथे अंदाजे काहीतरी ठोकून देऊ नका: पानाच्या उंचीतले पिक्सेल मोजा, ए४ असेल तर ११.६९ ने भागा. चुकीचा आकडा दिला तर पुढे ठिपके झाडण्यापासून समासापर्यंत सगळी मापं बिघडतात.

आउटपुटमध्ये ब्लॅक अँड व्हाइट, ६०० डीपीआय, ‘इक्वलाइज इल्युमिनेशन’ चालू (पाचवी पायरी म्हणजे हेच), डीस्पेकल सर्वांत हलकं. आधी तीन पानांवर करून बघा: एक दाट, एक फिकं, एक सावलीचं. तिन्ही जमली की ‘अप्लाय टू ऑल’. फाइली ‘आउट’ नावाच्या फोल्डरमध्ये ग्रुप ४ टिफ म्हणून पडतात. पर्स्पेक्टिव्ह फार तिरकं असेल तर फोटो आधी फोनच्या अ‍ॅपमध्ये सरळ करून घ्या, इथे डीवार्पिंगशी (वाकलेलं पान सपाट करण्याच्या सोयीशी) झुंजण्यात वेळ जातो.

काय दोन रंगांत नेऊ नये

पेन्सिलचं लिखाण, विरत चाललेली कार्बन प्रत, फिकट झालेली थर्मल पावती, रंगांवर अर्थ अवलंबून असलेला नकाशा, चेहऱ्याचा फोटो. नकाशा आणि चेहऱ्याचा फोटो तिसऱ्या पायरीनंतरच थांबवून रंगीत ठेवा, बाकीच्यांना पाचव्या पायरीनंतर थांबवून करडं ठेवा. एकाच पानावर मजकूर आणि फोटो दोन्ही असतील तर स्कॅन टेलरचा ‘मिक्स्ड’ मोड मजकूर दोन रंगांत नेतो आणि फोटोच्या छटा तशाच ठेवतो. फाइल मोठी होते, पण चेहरा ओळखू येतो.

आणि मूळ रंगीत फोटो पुसू नका. सही निळ्या शाईची आहे की छापलेली, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं उत्तर फक्त त्या फोटोतच असतं.